पैसे खर्चून माणूस सुखी होतो का? आमच्या घरचा कुलर बघा

तुम्ही विचारलंय की नोकरी लागल्यापासून पगार नुसता साठवत बसलोय, खर्च केला तर खरंच जास्त सुख लागतं का. लागतं. फक्त कशावर आणि कोणासाठी, एवढं बघा. हे इतकं ठासून सांगून राहिलो, कारण याच गोष्टीवरून दादाची आणि माझी जुंपली होती आणि अजून मिटलेली नाही.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, कोरडवाहू कापूस-तुरीवाले. वाटण्या झालेल्या, आईबाबा माझ्याकडे. 2022 च्या सुरुवातीला कापूस क्विंटलमागे दहा हजारांवर गेला होता. हमीभाव होता 6025. चुकारा हातात पडला आणि मी तालुक्याहून लोखंडी बॉडीचा मोठा कुलर आणला, साधारण एका क्विंटलाच्या पैशात. दादा दारातच म्हणाला, "काय बे, भाव आला त डोस्कं फिरलं काय? बाबानं सत्तर उन्हाळे बिनाकुलरचेच काढले ना?"

काढले, पण कसे ते मी पाहिलंय. दुपारी ओसरीत पाणी शिंपडायचं, दुपट्टा भिजवून अंगावर घ्यायचा, तो वाळला की पुन्हा उठून रांजणाजवळ जायचं. त्या वर्षी तर एप्रिलातच चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर होता, आमच्याकडेही काही वेगळं नव्हतं.

कुलर लागला त्या दुपारी बाबा जेवून आडवे झाले ते दिवेलागणीलाच उठले. आईनं मधे दोनदा जाऊन श्वास चालू आहे का पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून टाकीत पाणी भरायचं काम त्यांनी कोणालाच करू दिलं नाही. वाळ्याच्या ताटीचा एखादा कोपरा कोरडा दिसला की काडी घेऊन नळीचं भोक मोकळं करत बसायचे, आणि संध्याकाळी पारावर त्याचा सविस्तर वृत्तांत.

त्याच उन्हाळ्यात पुतणीचं, म्हणजे दादाच्या पोरीचं, साक्षगंध (साखरपुडा) झालं. लॉन, डीजे, ड्रोन, आइस्क्रीमचा स्टॉल. कुलर तिथंही होते, पण स्टेजच्या तोंडाशी, फोटोवाल्यांसाठी. बाबा मागच्या रांगेत दुपट्ट्यानं वारा घेत बसले होते. खर्च माझ्या कुलरच्या कितीतरी पट, आणि आठ दिवसांनी गावात चर्चा काय, तर भाजी खारट होती.

2008 मध्ये एलिझाबेथ डन, लारा अ‍ॅक्निन आणि मायकेल नॉर्टन यांचा एक अभ्यास 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात आला होता. कॅनडात 46 जणांना सकाळी 5 किंवा 20 डॉलर देऊन संध्याकाळपर्यंत खर्च करायला सांगितलं, काहींना स्वतःवर, काहींना दुसऱ्यावर. दुसऱ्यावर खर्चणारे जास्त खूश निघाले. रक्कम 5 होती की 20, यानं फरक पडला नाही. दादाला हे सांगितलं तर म्हणतो, "मंग म्या काय सोताच्या पोटात घातलं? गावालेच जेवू घातलं ना!" उत्तर मुद्द्याचं आहे, मानतो. पण जेवू घालायचंच होतं तर पोळी, वांग्याची भाजी आणि बुंदी वाढली असती तरी गाव पोटभर जेवलं असतं. ड्रोन कोणाच्या पोटात गेला?

बरं, एक राहिलंच. हे सगळं मी पीककर्ज 31 मार्चच्या आत भरून आणि खरिपाचं बियाणं-खताचं बाजूला काढून केलं. हप्त्यावर घेतलं असतं तर त्या वाऱ्यातही झोप आली नसती. आणि 46 जण म्हणजे काही फार नव्हेत, तेव्हा त्या अभ्यासावर डोळे मिटून भिस्त ठेवू नका. दवाखान्यापुरते पैसे तर बाजूला पाहिजेतच.

तुमच्या घरी कोण कोण आहे ते तुम्ही लिहिलं नाही. आईवडील गावाकडं असतील तर मे महिन्यात दुपारी एकदा न सांगता जा आणि ते कुठं पडलेले असतात ते बघा. पैसा कुठं लावायचा ते तिथंच समजेल.

आणि दादा, तू हे वाचशीलच. बाबाले भेटाले म्हणून दुपारी येतोस आणि चार वाजेपर्यंत कुलरपुढं घोरत पडतोस, माझी काही हरकत नाही. यंदाच्या ताट्या तेवढ्या तू आण.