रिकामी पुंगळी का अडकते? नेमबाजांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे : गोळी सुटते, पण काडतुसाची रिकामी पुंगळी पिस्तुलाबाहेर नीट पडत नाही. अशा वेळी पहिला संशय एक्स्ट्रॅक्टरवर (पुंगळीची कड पकडणाऱ्या आकड्यावर) किंवा इजेक्टरवर (तिला बाहेर उडवणाऱ्या भागावर) जातो आणि कोणीतरी लगेच कानस हातात घेतो. माझा आग्रह असा आहे की, पिस्तुलाला हात लावण्याआधी पुंगळी उजेडात धरून पाहावी. तिच्यावर उमटलेल्या खुणा आणि ती पडण्याची जागा यांवरून दोष कोठे आहे, हे बहुतेक वेळा कळते.

प्रश्न : माझी मुलगी वरळीच्या रेंजवर 25 मीटर स्पोर्ट्स पिस्तूलचा सराव करते. आजवर उत्तम चाललेल्या तिच्या .22 पिस्तुलात आता मधूनच एखादी पुंगळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसते त्या भागात) घट्ट बसते. एक्स्ट्रॅक्टर बदलून घ्यावा का? (एक पालक, मुलुंड)

उत्तर : इतक्यात नको. या प्रकारच्या पिस्तुलात बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) कुलूपबंद नसतो. दारूच्या वायूचा दाब पुंगळीला मागे रेटतो आणि पुंगळीच बोल्टला मागे ढकलते. एक्स्ट्रॅक्टरचे काम तिला इजेक्टरवर आपटेपर्यंत धरून ठेवण्याचे. म्हणून त्याचा आकडा तुटला असला तरी झाडलेली पुंगळी पुष्कळदा बाहेर पडते आणि दोष उघड होतो तो न झाडलेले काडतूस काढताना. रेंजवर, नळी लक्ष्याकडे ठेवून आणि बोट ट्रिगरपासून दूर ठेवून, भरलेले काडतूस बोल्ट ओढून बाहेर येते का ते पाहावे. ते दर वेळी सहज येत असेल, तर एक्स्ट्रॅक्टर निर्दोष मानायला हरकत नाही.

मग अडकलेली पुंगळी पाहावी. .22 काडतुसात स्फोटक मिश्रण तळाच्या कडेत असते, त्यामुळे फायरिंग पिनही कडेवरच आदळते. चेंबर रिकामे असताना ट्रिगर दाबण्याचा सराव केला, तर काही पिस्तुलांत ती पिन थेट चेंबरच्या काठावर बसते आणि तेथील धातू आत दबून बारीकसा उंचवटा तयार होतो. पितळ दाबाने फुगून त्या उंचवट्याला घट्ट चिकटते. पिनच्या खुणेच्या सरळ रेषेत पुंगळीच्या अंगावर पेन्सिलने ओढल्यासारखा ओरखडा प्रत्येक पुंगळीवर त्याच जागी दिसला, तर कारण हेच. हा उंचवटा आर्मोररने (शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराने) योग्य हत्याराने दाबून सारखा करायचा असतो. घरी कानस चालवली, तर चेंबर कायमचे बिघडते. पुढे अशा कोरड्या, म्हणजे गोळीविना, सरावासाठी पिस्तुलात तशी सोय असेल तर ती वापरावी, नसेल तर प्लॅस्टिकचे नकली काडतूस घालावे.

ओरखडा नसेल, तर दोष मळाचा असण्याची शक्यता मोठी. .22च्या शिशाच्या गोळीवर मेणासारखे वंगण असते. ते, शिशाचा कीस आणि जळलेली दारू मिळून चेंबरच्या तोंडाशी कडक कडे तयार होते. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत गंजाच्या भीतीने आपण तेल सढळ हाताने घालतो आणि त्यात ही काजळी आणखी धरते. कांस्याच्या ब्रशने चेंबर स्वच्छ करून कोरडे पुसावे, एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखालचा मळ लाकडी काडीने काढावा आणि तेल फक्त बोल्ट सरकतो त्या पट्ट्यांवर, तेही पुसटच, लावावे.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो आणि 9 मिलिमीटर पिस्तुलाची काडतुसे घरीच भरतो. कारखान्याची काडतुसे विनातक्रार चालतात. त्याने भरलेल्यांच्या पुंगळ्या मात्र स्लाइडमध्ये (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागात) उभ्या अडकतात किंवा पायाशीच पडतात. त्याने दारू वाढवावी का? आणि आपल्याकडे असे काडतूस भरता येईल का? (एक वाचक, दादर)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. 1959च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे, आणि 9 मिलिमीटर हा तर सामान्य परवानाधारकाला मिळणारा बोअरच (नळीचे माप) नाही. पुढचे सारे लेखन भाच्यापुरतेच समजावे.

कारखान्याचे काडतूस चालते, याचा अर्थ पिस्तूल बहुधा ठीक आहे. उभी अडकलेली आणि पायाशी पडणारी पुंगळी एकच गोष्ट सांगते : स्लाइड पुरेशा वेगाने पूर्ण मागे जात नाही. मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालून, पकड घट्ट ठेवून ते झाडावे. शेवटच्या काडतुसानंतर स्लाइड मागेच अडून राहायला हवी; पुंगळी बाहेर पडूनही ती तशी राहिली नाही, तर मागची धाव अपुरी आहे यावर जवळजवळ शिक्कामोर्तब होते. हीच चाचणी कारखान्याच्या काडतुसावरही करावी, म्हणजे तुलना होते.

तरीही दारू वाढवणे हे पहिले पाऊल नव्हे. त्याने आधी काही काडतुसांसाठीची दारूची भरणा, अचूकता तपासून घेतलेल्या तराजूवर वजन करून पाहावी. दारू टाकण्याचे माप एका काडतुसाला कमी आणि दुसऱ्याला जास्त टाकत असेल, तर सरासरी बरोबर दिसूनही काही काडतुसे दुबळी निघतात. भरणा छापील तक्त्यातील किमान मर्यादेखाली असेल, तर तक्त्याच्या मर्यादेतच आणि अगदी थोडी थोडी वाढवावी, तीही त्याच गोळीसाठी आणि त्याच दारूसाठी दिलेल्या आकड्यांनुसार. स्लाइडवर रेड डॉट (लाल ठिपक्याचे नेमसाधन) बसवला असेल किंवा जड स्प्रिंग घातली असेल, तर दोन्ही गोष्टी स्लाइडची धाव कमी करतात, हेही त्याने लक्षात घ्यावे. पुंगळ्या वारंवार वापरलेल्या असतील, तर त्यांच्या तळाची कड नखाने चाचपावी. ती कुरतडलेली असेल, तर एक्स्ट्रॅक्टरचा आकडा निसटतो आणि अशी पुंगळी बाद करणेच योग्य. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही.

एक गोष्ट त्याला आवर्जून सांगा. एखाद्या गोळीचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला आणि स्लाइड नीट हलली नाही, तर हाताने स्लाइड ओढून पुढची गोळी कदापि झाडू नये. दारू कमी पडल्याने गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी गोळी सुटली तर नळी फुटते. पिस्तूल पूर्ण रिकामे करून नळी आरपार मोकळी दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रश्न : सेंटर फायर प्रकारासाठी (यात पिन काडतुसाच्या तळाच्या मध्यावर आदळते) वापरल्या जाणाऱ्या .32 वॉडकटर (सपाट तोंडाच्या गोळीच्या) पिस्तुलात पुंगळी बाहेर पडते, पण पुढचे काडतूस मॅगझिनमध्येच अडते. हा इजेक्शनचाच दोष का? (ठाणे)

उत्तर : नाही. .32 एस अँड डब्ल्यू लाँग या काडतुसाच्या तळाला बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर दोघे एकमेकांत गुंततात. भरताना प्रत्येक नव्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे आहे ना, हे पाहावे.

प्रश्न : स्पर्धेत पुंगळी अडकली तर नेमबाजाने ती स्वतः काढावी का? (एक प्रशिक्षक, बोरिवली)

उत्तर : काढू नये. पुंगळी बाहेर न पडणे हा आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत मान्य बिघाड आहे, पण अधिकाऱ्याने पाहण्याआधी नेमबाजाने बोल्ट, सेफ्टी किंवा यंत्रणेला हात लावला, तर तोच बिघाड अमान्य ठरतो. पिस्तूल लक्ष्याच्या दिशेने धरून ठेवावे, पकड सोडू नये आणि मोकळा हात वर करावा. तुमच्या शिष्यांकडून हे सरावातच करून घ्या, कारण प्रत्येक गोळीला 3 सेकंद मिळणाऱ्या रॅपिड मालिकेत पुंगळी अडकली की हात आपोआप बोल्टकडे जातो. नियमित स्वच्छता न केल्यामुळे झालेला बिघाडही नेमबाजाने वाजवी काळजी घेऊन टाळता आला असता, असे मानून नाकारला जाऊ शकतो. म्हणून स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी चेंबर स्वच्छ करून, ज्या लॉटची काडतुसे दुसऱ्या दिवशी वापरायची त्याच लॉटच्या दोन-तीन मालिका झाडून पाहाव्यात.