वाचकांचे प्रश्न : गर्दी मोजायची की दोणे?

संक्रांत झाली, तिळगूळ संपला आणि या महिन्याची पत्रं उघडली तर अर्धी वेबसाइटची, अर्धी भिंतीच्या रंगांची, आणि एकात तर दोन्ही असं गुंतलेलं की आधी कुठला धागा सोडवू तेच कळेना. त्यालाच पहिलं घेते. मी स्वतः लोकांच्या घरांचे रंग काढून देते आणि वेबसाइटपण स्वतःच सांभाळते, त्यामुळे यातलं बरंचसं आधी ठेच खाऊन शिकलेलं आहे.

प्रश्न : नमस्कार ताई. मी आणि माझे मिस्टर घरांचं इंटिरियर करतो, काम छोटंच आहे. दीड वर्षापूर्वी भाच्याकडून वेबसाइट करून घेतली. दसऱ्याच्या आधी रोज दीडशे-दोनशे लोक येत होते, आता चाळीसपण येत नाहीत. मिस्टर म्हणतात वेबसाइट बसली. सगळ्यात जास्त लोक 'पीच रंगाची बेडरूम' या पानावर येतात पण त्यातून अजून एकही काम आलं नाही. नेमकं बघायचं काय? – सुदामा नगर, इंदूर

उत्तर : ताई, मिस्टरांना सांगा वेबसाइट नाही बसली, दिवाळी संपली. इंदुरात नवरात्रापासून धनतेरसपर्यंत रंगारी शोधून दाखवा म्हणावं! तेव्हा सगळं गाव रंग शोधत असतं, आता पतंग आणि लग्नाच्या याद्या. म्हणून जानेवारीचा आकडा ऑक्टोबरच्या शेजारी ठेवायचाच नाही, गेल्या जानेवारीच्या शेजारी ठेवायचा. दिवाळीची तुलना करायची तर तीपण तारखेने नाही, तिथीने, कारण २०२४ ला दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर होती आणि २०२५ ला २० ऑक्टोबरच्या आसपासच आली, तारखेला तारीख लावली की उगीचच घसरण दिसते आणि घरात भांडण होतं. गूगल सर्च कन्सोल, म्हणजे लोक गूगलवर काय शोधून आपल्याकडे आले ते सांगणारं साधन, १६ महिन्यांचं दाखवतं, तुमच्या दोन्ही दिवाळ्या आत्ता त्यात आहेत, पण जुनं मागून गळत जातं म्हणून आजच एक्स्पोर्ट करून ठेवा. गूगलच्याच ॲनालिटिक्समध्ये (आलेले लोक साइटवर काय करतात ते मोजणारं साधन) तर एक्स्प्लोरेशन म्हणजे आपण स्वतः जुळवून बघतो त्या रिपोर्टसाठी डेटा सुरुवातीला फक्त २ महिन्यांवरच लावलेला असतो, सेटिंगमध्ये जाऊन तो १४ महिने करावा लागतो, आणि आधीचा गेलेला काही परत येत नाही. मला हे कळलं तेव्हा माझा अख्खा उन्हाळा गेलेला होता.

आता पीचचं. सर्च कन्सोलमध्ये परफॉर्मन्समध्ये जा, ते पान निवडा आणि आलेखाच्या खाली 'देश' असा टॅब आहे तो उघडा. माझ्या अशाच एका पानाचे निम्म्याच्या वर लोक परदेशातले निघाले होते, आता ओहायोतली बाई काही माझ्याकडून अन्नपूर्णा रोडवरच्या फ्लॅटचं फर्निचर करून घेणार नाहीये. मग 'क्वेरी' बघा, म्हणजे लोकांनी टाइप काय केलं होतं ते. 'पीच बेडरूम फोटो' टाइप करणारा बघ्या असतो, 'इंटिरियर डिझायनर इंदोर खर्च' टाइप करणारा घर घेऊन बसलेला असतो, आणि असे दहाच आले तरी ते त्या दोनशेंपेक्षा भारी.

रात्री सराफ्यातल्या खाऊच्या दुकानांकडे जाऊन बघा ना, गर्दी इतकी की पाय ठेवायला जागा नाही, पण भुट्ट्याचा कीस विकणारा समोरून किती माणसं गेली ते मोजत बसतो का? तो दोणे मोजतो. तुमचे दोणे म्हणजे व्हॉट्सॲपच्या बटणावरचे क्लिक आणि फोन. व्हॉट्सॲपची लिंक बाहेरच्या साइटला जाते म्हणून ॲनालिटिक्समधलं एन्हान्स्ड मेजरमेंट नावाचं सेटिंग चालू असेल तर तो क्लिक आपोआप नोंदला जातो. फोन नंबरवर केलेलं टॅप मात्र आपोआप नोंदलं जात नाही, त्याचा वेगळा इव्हेंट, म्हणजे नोंद, भाच्याकडून करून घ्या. आणि दोन्हीला 'की इव्हेंट' म्हणजे महत्त्वाची नोंद करून टाका म्हणजे महिन्याला एकच आकडा बघायचा. हो, आणि तुम्ही दोघं दिवसातून चार-चार वेळा आपलीच वेबसाइट उघडून बघत असणार (मीपण बघायची), तर घरच्या इंटरनेटचा पत्ता इंटर्नल ट्रॅफिकमध्ये (घरच्यांच्याच भेटी) टाकून फिल्टर चालू करा. चाळिसातले सहा-सात तुम्हीच निघाल.

स्पीडचं तुम्ही विचारलं नाहीये तरी सांगते. इंटिरियरवाल्यांचं कायम एकच दुखणं, फोनमधून काढलेला ५-६ एमबीचा फोटो तसाच्या तसा चढवायचा. गूगलचा हिशोब असा की पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट, म्हणजे आपल्याकडे तो वरचा मोठा फोटो, २.५ सेकंदांच्या आत दिसायला पाहिजे, आणि तेही शंभरातल्या ७५ भेटींना तरी. फोटो वेबपी (फोटोच्या फाइलचा हलका प्रकार) करा, रुंदी कमी करा, आणि प्रत्येक फोटोला लांबी-रुंदी लिहून ठेवा, नाहीतर वाचता वाचता मजकूर खाली उडी मारतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. हे सगळं केलं आणि दुसऱ्या दिवशी पेजस्पीड इनसाइट्सने (गूगलचं स्पीड तपासायचं साधन) वरच्या भागात तोच जुना लाल रंग दाखवला तर रडू नका, तो भाग खऱ्या लोकांच्या मागच्या २८ दिवसांचा असतो, हळूहळू सरकतो. छोट्या साइटला तर तिथे काहीच दिसत नाही कारण तेवढे लोकच आलेले नसतात. मग खालची चाचणी बघायची, ती त्याच वेळची असते.

प्रश्न : ताई, गूगल ट्रेंड्समध्ये 'लॅव्हेंडर'चा आकडा १०० दिसतोय. म्हणजे सगळ्यांना तोच रंग पाहिजे का? माझं पडद्यांचं आणि सोफ्याच्या कापडाचं दुकान आहे, माल भरून घेऊ का? दुसरं म्हणजे ते पॅन्टोन नावाच्या रंगांच्या कंपनीवाले दर वर्षी रंग जाहीर करतात तो आपल्याकडे किती वर्षांनी पोचतो? – राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : थांबा भाऊ, ऑर्डर देऊ नका! ट्रेंड्स फक्त गूगलवर एखादा शब्द किती शोधला जातो ते दाखवतं. तो १०० म्हणजे शंभर लोक नाहीत आणि शंभर टक्केपण नाहीत. तुम्ही निवडलेल्या काळात आणि जागेत त्या शब्दाचा जो सगळ्यात उंच दिवस असेल त्याला १०० म्हणतात, बाकी सगळं त्याच्या हिशोबाने. एखाद्या खेड्यातल्या सगळ्यात उंच मुलालापण १०० देता येतात तसं. त्यात लॅव्हेंडर म्हणजे झाडपण, तेलपण, साबणपण. नुसता शब्द टाकू नका, 'लॅव्हेंडर कर्टन' टाका, जागा मध्य प्रदेश करा आणि ५ वर्षांचं बघा, शेजारी 'ग्रे कर्टन' तुलनेला ठेवा. रेष सारखी शून्याला टेकत असेल तर शोधणारे इतके कमी आहेत की गूगल ते मोजण्यात धरतच नाही, मग त्यावरून माल काय भरायचा. दर वर्षी एकाच महिन्यात उंचवटा येत असेल तर तो सीझन, आणि दर वर्षीचा उंचवटा आधीच्यापेक्षा वर असेल तर त्याला ट्रेंड म्हणा.

पॅन्टोनचं असं की ती काही घरोघर जाऊन केलेली मोजणी नाही. त्यांची रंगांची जाणकार मंडळी एक रंग निवडते, सुरुवात सेरुलियन निळ्याने झाली, २००० सालासाठी. २०२४ ला पीच फझ, २०२५ ला मोका मूस म्हणजे आपला कोको-कॉफी तपकिरी, आणि २०२६ साठी क्लाउड डान्सर, म्हणजे चक्क पांढरा. माझ्या सासूबाईंनी ते पेपरात बघितलं आणि म्हणाल्या, मग आमच्या वाड्याचा चुना काय वाईट होता! २०१६ आणि २०२१ ला तर त्यांनी दोन-दोन रंग दिले. कपडे, पॅकिंग, लिपस्टिक सगळ्यांसाठी तो असतो, भिंतीसाठी म्हणून काही वेगळा विचार नसतो. उशीची खोळ त्या रंगाची खपेल, सोफ्याचं कापड लोक दहा वर्षांसाठी घेतात, तिथे तो चालत नाही. माल भरायचाच असला तर खोळी भरा.

बाकी 'आपल्याकडे किती वर्षांनी पोचतो' हे जरा लागलं बरं का मला. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला यशवंतराव होळकरांनी माणिकबाग पॅलेस बांधून घेतला, एकार्ट मुथेसियस नावाच्या तरुण जर्मन आर्किटेक्टकडून, आणि आयलीन ग्रे, ल कॉर्बुझिए अशा तिकडच्या नव्या वळणाच्या डिझायनरांच्या खुर्च्या युरोपातल्या भल्याभल्यांच्या घरात नव्हत्या तेव्हा इंदुरात होत्या. आता तिथे सरकारी टॅक्सचं ऑफिस आहे, आणि ते फर्निचर १९८० ला मोनॅकोत लिलावात गेलं. ट्रेंड आला तेव्हा आलाच होता, आपणच विकून टाकला.

प्रश्न : सूनबाईने मोबाइलवर बघून हॉलला तो मोका का काय रंग दिला. फोटोत चॉकलेटसारखा होता, भिंतीवर संध्याकाळी शेणाने सारवल्यासारखा दिसतो. रंगारी म्हणतो कोड तोच आहे. खोटं कोण बोलतंय? – एक सासू, तिलक नगर, इंदूर

उत्तर : काकू, कोणीच खोटं बोलत नाहीये. मोबाइलचा रंग म्हणजे आतून लागलेला दिवा, भिंतीचा रंग म्हणजे अंगावर पडलेला उजेड परत फेकणारी वस्तू, आता पडेल तसाच फेकणार. तुमच्याकडे जमिनीला कोटा स्टोन असेल तर त्याची हिरवट झाक खालून भिंतीवर चढते, आणि त्यात संध्याकाळी ६५०० केल्विनचा पांढराफट्ट एलईडी लावला की तपकिरीतला लाल मरतो आणि उरतं ते तुम्ही म्हणालात तेच. लगेच पुन्हा रंग काढायला लावू नका, आधी बल्ब बदला. ३००० केल्विनचे घ्या, खोक्यावर लिहिलेलं असतं, आणि सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९०च्या वरचा मिळाला तर उत्तम. दोन दिवस बघा. तरी नाही आवडला तर कंपनीच्या शेडकार्डाच्या मागे किंवा त्यांच्या साइटवर एलआरव्ही नावाचा आकडा असतो, रंग किती उजेड परत फेकतो त्याचा, ० म्हणजे काळा आणि १०० म्हणजे पांढरा, त्या रंगाच्या जवळचाच पण जास्त आकड्याचा घ्या. आणि या वेळी आधी सॅम्पल डबी आणून दोन बाय दोन फुटाचा पट्टा दोन हात मारून बघा, एक खिडकीच्या भिंतीवर आणि एक समोरच्या. सकाळी, दुपारी ४ वाजता उन्हं आत येतात तेव्हा, आणि रात्री दिवे लावून. सूनबाईला बरोबर घेऊन बघा हं काकू, नाहीतर पुढच्या महिन्यात तिचं पत्र येईल.

प्रश्न : एजन्सीवाला दर महिन्याला ३० पानी रिपोर्ट देतो, म्हणतो तुमचा बाउन्स रेट जुन्यापेक्षा खूप सुधारला. खुश व्हायचं का? – पलासिया

उत्तर : 'जुना' म्हणजे जुलै २०२३ च्या आधीचा असेल तर नाही. तेव्हाचं ॲनालिटिक्स बंद झालं, नव्यात बाउन्सची, म्हणजे माणूस आला तसाच परत गेला असं कधी धरायचं त्याची, व्याख्याच वेगळी आहे, कोणी १० सेकंदांच्या वर थांबला तरी तो बाउन्स धरत नाहीत, मग आकडा सुधारलेला दिसणारच ना भिया. रिपोर्ट राहू द्या, आधी एवढं विचारा की ॲनालिटिक्स आणि सर्च कन्सोल कोणाच्या ईमेलवर आहे. त्याच्या असेल तर या आठवड्यातच स्वतःला ॲडमिन आणि ओनर करून घ्या, मग पुढच्या महिन्याचा चेक लिहा.