विकत घेतलेल्या चित्रपटाची घरगुती प्रत

प्रश्न : गेल्या अनेक वर्षांत मी मराठी-हिंदी चित्रपटांच्या बऱ्याच व्हीसीडी आणि डीव्हीडी रीतसर विकत घेतल्या आहेत. काहींवर ओरखडे पडल्याने चित्र मध्येच चौकोनांत फुटते आणि अडकते. त्यांची प्रत हार्ड डिस्कवर ठेवली, तर तो गुन्हा ठरतो का? पुण्यातील भाचीलाही एक प्रत द्यावी, असे मनात आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : चकती विकत घेतल्याने आपण त्या चकतीचे मालक होता, चित्रपटाच्या कॉपीराइटचे नव्हे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४ प्रमाणे चित्रपटाची प्रत काढण्याचा हक्क कॉपीराइटधारकाचा असतो आणि इलेक्ट्रॉनिक साधनावर साठवणूक करणेही त्यातच मोडते. मात्र कलम ५२ मध्ये खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी केलेल्या न्याय्य वापराला मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुभा साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृती यांच्यापुरतीच होती. त्या दुरुस्तीने ती चित्रपटांनाही लागू झाली. त्यामुळे स्वतः विकत घेतलेल्या चकतीची, केवळ घरात पाहण्यासाठी काढलेली एखादी प्रत या मुभेत बसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही ही मुभा निर्विवाद नाही, कारण वापर न्याय्य होता की नाही, हे त्या त्या प्रकरणातील परिस्थिती पाहून न्यायालय ठरवते. याच कलमात संगणक प्रणाली (सॉफ्टवेअर) नष्ट होण्याच्या भीतीने तिची बॅकअप प्रत काढण्याची परवानगी नेमक्या शब्दांत दिलेली आहे. चित्रपटाबाबत तसे एकही वाक्य नाही. पदरचे पैसे मोजून चकती घेणाऱ्या प्रामाणिक ग्राहकाला अशा संदिग्धतेत ठेवणे योग्य नाही आणि संसदेने ही उणीव दूर करायला हवी.

आता कुलपाचा, म्हणजे प्रत काढू न देणाऱ्या सांकेतिक संरक्षणाचा प्रश्न. व्हीसीडीवर असे संरक्षण नसते, त्यामुळे तिच्या बाबतीत तो उद्भवत नाही. व्यावसायिक डीव्हीडीवर मात्र ते बहुधा असते. हक्कभंग करण्याच्या हेतूने असे संरक्षण तोडल्यास कलम ६५अ नुसार दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. येथे हेतूला महत्त्व आहे, आणि कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कामासाठी संरक्षण दूर करणे या कलमाच्या कक्षेबाहेर राहते. अमेरिकेत किंवा जर्मनीत राहणाऱ्या मराठी वाचकांनी मात्र आपल्याकडील या सवलतीवर विसंबू नये. जर्मनीत खासगी प्रतीला परवानगी असली, तरी त्यासाठी प्रभावी संरक्षण तोडण्यास तेथील कायदा मनाई करतो.

मूळ चकती घरी आहे म्हणून तोच चित्रपट टॉरेंटवरून उतरवून घेण्याचा मार्ग पुष्कळांना सोपा वाटतो. तो टाळावा. टॉरेंटवर चित्रपट उतरत असतानाच त्याचे तुकडे आपल्या संगणकावरून इतरांनाही पुरवले जातात आणि तेथे वैयक्तिक वापराचा बचाव टिकणे कठीण.

भाचीसाठी वेगळी प्रत काढणे हा आपला वैयक्तिक वापर म्हणता येणार नाही. तिला मूळ चकती खुशाल द्यावी. कायमची दिली, तर आपल्याकडील प्रत पुसून टाकावी, कारण ती बाळगण्याचा आधार त्या चकतीबरोबरच गेलेला असतो.