चकवा ‘लागतो’ की ‘देतो’?

हरिहर गडाच्या ट्रेकबद्दल कुणीतरी लिहिलं होतं, ‘जंगलात चकव्याने आम्हाला चकवा दिला’, त्यावर प्रश्न आलाय की हे बरोबर आहे का, आणि चकवा भूत की पक्षी.

वाक्य कानाला खटकतं. चकवा देतो तो माणूस, म्हणजे पोलिसांना चकवा देऊन चोर पळाला किंवा फॉरवर्डने गोलकीपरला चकवलं. रानातला, वाट चुकवून गोल गोल फिरवणारा चकवा मात्र ‘लागतो’, ऊन लागतं, नजर लागते, वेड लागतं ना, अगदी तसाच. गंमत बघा, हडळीचे पाय उलटे, मुंजा पिंपळावर, सगळ्यांचे पत्ते ठरलेले, पण चकवा दिसतो कसा विचारा, कोणी सांगणार नाही, कारण तो दिसतच नाही, नुसता लागतो. मला तर वाटतं या क्रियापदातच त्याचं सगळं वर्णन आलं.

आमचे मामा इगतपुरीकडचे. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत रात्री घरी निघाले, धुकं एवढं की हातातली बॅटरी पण दोन पावलांपुढे जाईना, सगळी खाचरं पाण्याने भरलेली त्यामुळे एक बांध दुसऱ्यासारखाच, आणि तिसऱ्यांदा त्याच आंब्याखाली आले तेव्हा खाली त्यांनीच फेकलेलं बिडीचं थोटूक. मग चकव्यावरचा उपाय म्हणून चपला उलटसुलट घातल्या आणि तिथेच बसले उजाडेपर्यंत. ‘मला चकवा लागला’ म्हणतात, ‘चकवा भेटला’ असं कधीच नाही.

आणि माणूस खरंच गोल फिरतो बरं का. 2009 मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी लोकांना जंगलात सरळ चालायला सांगितलं, तर ढगाळ दिवशी, सूर्य दिसत नसताना, लोक गोल फिरून स्वतःच्याच वाटेवर परत आले. डोळे बांधले तर काहींचं वर्तुळ जेमतेम 20 मीटर व्यासाचं. म्हणजे चपला उलट्या घालून काय होतं ते सोडा, बसून राहणं हा उपाय एकदम पक्का.

पक्षी वेगळा. तो संस्कृत चक्रवाकावरून आलेला चकवा, नारिंगी-बदामी बदक, थंडीत नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात बघायला मिळतं. जुन्या काव्यात ही जोडी रात्री ताटातूट होऊन दोन काठांवरून एकमेकांना हाका मारते. भुताचा चकवा ‘चकणे-चकवणे’च्या घरातला, उच्चार सारखा एवढंच नातं.

तेव्हा ते वाक्य ‘जंगलात आम्हाला चकवा लागला’ एवढंच करा. गाईडने मुद्दाम लांबून फिरवलं असेल तर मात्र ‘चकवा दिला’ चालेल.