"मॅडम, कुठला टेम्प्लेट घेऊ?"

गेल्या दोन महिन्यांत हा प्रश्न मला किमान पंधरा जणांनी विचारला असेल. कुणी डिप्लोमा करून नुकतंच बाहेर पडलेलं, कुणी बाळंतपणानंतर पुन्हा नोकरी शोधणारी, एक गृहस्थ तर व्हीआरएस घेतलेले. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तीन-चार रंगीत सीव्ही. साडीच्या दुकानात पदर उलगडून दाखवावेत तसे एकेक सरकवून दाखवतात. "यातला कुठला बरा दिसतो?" आणि पाठोपाठ, जरा दबक्या आवाजात, "आयता टेम्प्लेट वापरला की एचआरला कळतं का हो?"

कळतं. आणि त्यांना त्याचं काहीही वाटत नाही. पण एवढं सांगून कुणाचं समाधान होत नाही, कारण खरी काळजी वेगळीच असते. ती मला नीट दाखवली नाशिकच्या एका मुलीने. तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून लिहिते आहे.

मेकॅनिकल डिप्लोमा, वय सत्तावीस, अंबड एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये चार वर्षं क्वालिटीला. वर्कशॉप बंद पडलं. चाळीसेक ठिकाणी सीव्ही पाठवला, फोन एकाचाही नाही. सीव्ही मात्र देखणा. डावीकडे गडद निळा पट्टा, गोलात फोटो, आणि कौशल्यांपुढे पाच-पाच ठिपके. ऑटोकॅड चार ठिपके, टीमवर्क पाच, इंग्रजी साडेतीन.

"साडेतीन म्हणजे किती गं?"

ती हसली. "चार लिहायला भीती वाटली, तीन लिहायला लाज वाटली."

खाली पत्त्याच्या जागी बारीक अक्षरांत छापलेलं होतं, 'एनीव्हेअर स्ट्रीट, एनी सिटी'. टेम्प्लेटमधला नमुना तसाच राहिलेला. चाळीस कंपन्यांना तो तसाच गेला होता. तिचा चेहरा इतका उतरला की मीच चहा मागवला.

त्या पहिल्या भेटीत मी चूक केली. लगेच दुरुस्त्या सांगायला लागले. तिच्याच लॅपटॉपवर सीव्हीतला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करायला लावला. दोन कॉलम एकमेकांत घुसले, फोन नंबर डिप्लोमाच्या टक्केवारीला चिकटला, ठिपके तर गायबच. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत आणि जॉब पोर्टलवर अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं. त्याला पट्टे, चौकटी, चित्रं नीट कळतीलच असं नाही. पानाच्या अगदी वरच्या हेडरमध्ये लिहिलेला फोन नंबरही कधीकधी सुटतो. म्हणून एकच कॉलम, साधी शीर्षकं, शेवटची नोकरी सगळ्यात वर. तिने सगळं वहीत उतरवून घेतलं. पुढच्या आठवड्यात आली ती नवा टेम्प्लेट घेऊन. एकच कॉलम, हिरवा रंग, आतला मजकूर जसाच्या तसा.

माझा पिंड समुपदेशनात गाजलेले मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स वाचून घडलेला. माणसाचं उत्तर माणसाकडेच असतं, आपण ऐकायचं, हे मी वीस वर्षं शिकवते. आणि सीव्ही समोर आल्यावर मीच डीटीपीवाली झाले होते! मग लॅपटॉप मिटायला सांगितला आणि तिच्या सीव्हीची प्रिंट उलटी, कोरी बाजू वर करून ठेवली.

"'अचीव्हमेंट्स'च्या चौकटीत तू चौथीची स्कॉलरशिप का लिहिलीस?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "चौकट होती ना मॅडम. रिकामी कशी ठेवणार? माझ्याकडे घालण्यासारखं काहीच नाहीये."

ही ती काळजी. "कुठला टेम्प्लेट?" या प्रश्नाखाली दर वेळी हेच दडलेलं असतं. आयती चौकट आधार देते, की इथे काय लिहायचं ते कुणीतरी ठरवून ठेवलंय. पण तीच चौकट रिकामी राहिली की आपल्याकडे बोट दाखवते.

पूर्वी हे काम झेरॉक्सचं दुकान करायचं. दुकानदार आधीच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडून नाव तेवढं बदलायचा. त्यामुळे अख्ख्या तालुक्याचा छंद क्रिकेट, आणि 'चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट'मध्ये काम करण्याची प्रत्येकाचीच इच्छा. खाली 'वरील माहिती खरी आहे' असं प्रतिज्ञापत्र. वर वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती. उंची आणि गोत्र घातलं असतं की तोच कागद स्थळ म्हणूनही चालला असता. खासगी नोकरीच्या अर्जात, मागितलं नसेल तर, यातलं काही लागत नाही. फोटोसुद्धा नाही.

मी तिला म्हटलं, "कामावर गेलीस, ड्युटी सुरू झाली. पहिल्या तासात काय करायचीस?"

"काही विशेष नाही. रात्रपाळीचे पीस चेक करायचे. भोकाचं माप घ्यायला बोअर गेज लावायचा, रिजेक्ट बाजूला काढायचे, वहीत लिहायचं."

"कसली वही?"

"माझीच. कंपनीची नाही. कुठल्या मशीनचा पीस, किती वाजता निघाला, माप किती सरकलं."

"कशाला लिहायचीस?"

आता ती पुढे सरकून बसली. कोऱ्या कागदावर पेनाने मशीनची रांग काढली. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत, पहिल्या तासाभरात रिजेक्शन जास्त यायचं. ऑपरेटरला बोलणी बसायची. वहीची तीन महिन्यांची पानं शेजारी ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की माणूस कुठलाही असो, वेळ तीच असते. बंद राहून सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, थंड झालेलं असायचं. चालून गरम होईपर्यंत माप सरकायचं. तिने सुपरवायझरच्या मागे लागून सुट्टीनंतर आधी वीस मिनिटं मशीन रिकामं फिरवायला लावलं. महिन्याला साठ-सत्तर पीस भंगारात जायचे, ते वीसच्या आत आले.

"हे सीव्हीत कुठे आहे?"

"हे कसं लिहिणार? हे तर रोजचं काम."

मी काही बोलले नाही. पंखा फिरत होता. तिने प्रिंट उलटून निळ्या पट्ट्याकडे पाहिलं, मग आपण काढलेल्या मशीनच्या रांगेकडे, आणि एकदम म्हणाली, "मॅडम, माझं फिक्स्चर आधी आणि जॉब नंतर झालंय."

मला कळलं नाही. तिने समजावलं. जॉब म्हणजे घडवायचा पीस, आणि तो मशीनवर पक्का धरून ठेवायला जे बनवतात ते फिक्स्चर. ते जॉबच्या ड्रॉइंगवरून बनतं. आधी फिक्स्चर करून मग त्यात बसेल असा जॉब कुणी शोधत नाही.

हे वाक्य मी तिच्या तोंडी घातलेलं नाही. मी फक्त गप्प बसले होते, आणि तेवढं श्रेय मी घेते! तेव्हापासून टेम्प्लेट विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी कोरा कागद देते. कामाचा एक दिवस लिहा, तासातासाचा. मग विचारते की तुम्ही तिथे नसतात तर काय अडलं असतं, काय वाया गेलं असतं, किती? आकडा आठवत नसेल तर अंदाज चालेल, थाप नको.

कुणी फार बिचकलं तर लिओनार्डो दा विंचीची गोष्ट सांगते. सुमारे १४८२ साली त्याने मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुदोविको स्फोर्झाला कामासाठी पत्र लिहिलं. स्फोर्झाला लढायांची चिंता, म्हणून यादीत हलके पूल, तोफा, वेढ्याची यंत्रं. चित्रकला अगदी शेवटी, जाता जाता. समोरच्याला काय हवंय ते ओळखून आपल्याकडचं वर आणलं. चौथीची स्कॉलरशिप त्यात नव्हती.

टेम्प्लेट शेवटी घ्यायचा, आणि जरूर घ्यायचा. समास, अक्षराचा आकार, तारखांची ओळ यांत डोकं शिणवू नये. युरोपात अर्ज करणाऱ्यांसाठी 'युरोपास' हा युरोपीय संघाचा ठरावीक नमुना आहे, सरकारी भरतीत तर त्यांचाच फॉर्म. वर्डची फाइल मागितली नसेल तर पीडीएफ पाठवा, आणि फाइलला स्वतःचं नाव द्या. 'न्यू फायनल २' नको.

तिचा सीव्ही एका पानाचा झाला, काळ्या अक्षरांत. वीस मिनिटांची ओळ पहिल्याच नोकरीखाली, सगळ्यात वर. महिनाभरात दोन फोन आले. पहिल्या ठिकाणी इंग्रजीत अडखळली, गेलं. दुसऱ्या ठिकाणच्या साहेबांनी ती ओळ वाचून विचारलं, "वही आहे अजून?" होती. पर्समध्येच होती.

पेढे घेऊन आली तेव्हा जिन्यात थांबून म्हणाली, "आई म्हणतेय, लग्नाचा बायोडाटाही तुमच्याकडूनच करून घे."

म्हटलं, त्याला झेरॉक्सचं दुकानच बरं.