आधी बिट जुळव

भावा, लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरला मशीनवरचं जावा (त्याच्या काही कामांना लागणारं वेगळं सॉफ्टवेअर) सापडत नाही म्हणून जावा काढून परत टाकायची घाई करू नकोस. प्रोग्रॅम ३२ किंवा ६४ बिटचे असतात; लिबरऑफिस ६४ बिटचं असेल तर जावाही ६४ बिटचंच लागतं. शाहूपुरीत एका गुळाच्या अडतीवर माझी अख्खी दुपार यातच गेली. शेतकऱ्यांच्या पट्ट्यांची, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची, बेसमधली (लिबरऑफिसचा डेटाबेस प्रोग्रॅम) फाइल उघडेना, मशीनवर जावा तर दिसत होतं. ते ३२ बिटचं निघालं! ६४ बिटचं टाकलं, मग टूल्स, ऑप्शन्स, लिबरऑफिस, ॲडव्हान्स्ड असं जाऊन यादीतलं नवं जावा निवडलं आणि प्रोग्रॅम पूर्ण बंद करून उघडला. घड्याळाजवळ क्विकस्टार्टर (लिबरऑफिस पटकन उघडावं म्हणून मागे चालू राहणारा भाग) दिसला तर तोही बंद कर. यादी रिकामी असेल तर ॲड दाबून जावाचं फोल्डर दाखव. रायटर-कॅल्कचं, म्हणजे लेखनाचं आणि हिशेबाच्या तक्त्यांचं, रोजचं काम जावाशिवाय चालतं, ते थांबवू नकोस. आणि हात लावायच्या आधी फाइलची कॉपी काढ, त्यात लोकांच्या घामाचा हिशेब असतो.