म्युनिकचा रविवार: मुलांना न्यायचं कुठे?

या वेळी टपालात जर्मनीचीच पत्रं जास्त आहेत आणि त्यातही म्युनिकची. मीही इथेच राहते, त्यामुळे उत्तरं म्युनिकपुरतीच देतेय, बर्लिन-हॅम्बुर्गवाल्यांनी आपापल्या गावचे नियम बघून घ्या, इथे राज्य बदललं की शाळेच्या सुट्ट्यासुद्धा बदलतात.

प्रश्न: ताई, आम्ही मार्चमध्ये पुण्याहून म्युनिकला आलो. मुलगा साडेतीन वर्षांचा, किंडरगार्टनला अजून नंबर लागलेला नाही म्हणून तो आणि मी दिवसभर घरात. शनिवार कसाबसा जातो पण रविवारी सगळी दुकानं बंद, पुण्यात निदान मॉलमध्ये एक चक्कर मारली की संध्याकाळ निघायची. एकदा त्या डोंगरातल्या राजवाड्याला जाऊन आलो तर केवढा खर्च झाला आणि हा पठ्ठ्या येताना ट्रेनमध्ये रडून रडून झोपला. याला घेऊन रोज रोज जायचं कुठे?
— एक नवी म्युनिककर आई

उत्तर: अगं, साडेतीन वर्षांच्या मुलाला तो राजवाडा बांधणाऱ्या लुडविग राजाशी काय देणंघेणं! नॉयश्वानस्टाइन राजवाडा म्हणजे फ्युसन गावापर्यंत दोन तास ट्रेन, मग बस, मग चढ, तिकिटावर वेळ छापलेली, ती चुकली की गेलं, आणि स्ट्रोलर आत नेता येत नाही. आपल्याकडून आलेली मंडळी पहिल्या वर्षी दर वीकेंडला काहीतरी "बघून टाकायला" पळत असतात आणि मुलं बिचारी फरफटतात. मुलगा आठ-नऊ वर्षांचा झाला की न्या परत, तोवर तो राजवाडा काही पळून जात नाही.

तुझं खरं ठिकाण म्हणजे श्पीलप्लाट्झ, घराजवळचं खेळाचं मैदान. प्रत्येक मोहल्ल्यात असतं, फुकट असतं, रविवारीही उघडं असतं. एक बादली, फावडं, चाळणी आणि दोन साचे घे आणि सगळ्यांवर मार्करने नाव लिही, कारण वाळूत सगळ्यांची खेळणी एक होतात आणि कुणीही कुणाचंही उचलतं, तशीच पद्धत आहे, फक्त घरी जाताना ज्याचं त्याला द्यायचं. तुझा मुलगा पहिल्याच दिवशी कुणाचा तरी लाल ट्रक पळवणार, तो दुसरा पोरगा किंचाळणार, आणि त्याची आई कॉफीचा कप हातात धरून बाकावर बसूनच बघत राहणार. तूही धावू नकोस. पाच मिनिटांत एक जण वाळू भरतो आणि दुसरा ट्रक ओढतो, भाषा येत नसली तरी. आपण लोक घसरगुंडीखाली दोन्ही हात पसरून उभे असतो ते इथे बघायला मिळत नाही, पोरगं पडलं तर उठतं. मला सुरुवातीला हे लोक जरा निष्ठुर वाटायचे, आता वाटत नाहीत. आणि रोज एकाच मैदानावर एकाच वेळेला जा, कारण तीच तीच माणसं दिसायला लागली की आधी "हालो" होतं, मग हवेवर बोलणं होतं, मग कुठल्या किंडरगार्टनला जागा सुटतेय ही बातमी पण तिथेच कळते!

पाऊस असेल तर काय, असं विचारशील. तर जायचंच. माचहोजं म्हणून मिळते, चिखलात घालायची पट्ट्यांची रबरी पँट, ती आणि गमबूट चढवले की डबक्यात बसू दे त्याला खुशाल. नवी घेऊ नकोस, सहा महिन्यांत आखूड होते, मुलांच्या सामानाचे जुने बाजार भरतात तिथे स्वस्तात मिळते. अगदीच मुसळधार असेल तर शहराच्या लायब्ररीत मुलांचा कोपरा असतो, नाहीतर डॉइचेस म्युझियम, विज्ञान-तंत्रज्ञानाचं. तिथे वरची विमानं राहू देत, सरळ किंडरराइश या मुलांच्या विभागात जायचं, तिथे एवढी मोठी गिटार आहे की मुलं तिच्या पोटात शिरून बसतात. पाण्याचे खेळ पण आहेत म्हणून कपड्यांचा एक जोड बरोबर असू दे. पिनाकोथेक ही चित्रांची म्युझियम्स आणि बरीचशी सरकारी म्युझियम्स रविवारी 1 युरोत बघता येतात, हे तुझ्यासाठी सांगतेय, मुलासाठी नाही, अर्ध्या तासात कंटाळला तरी पैसे वाया गेल्याचं दुःख होत नाही.

आणि बिअरगार्टन, म्हणजे झाडांखाली बसून बिअर प्यायची बाग. दचकू नकोस, बव्हेरियात, म्हणजे आपल्या म्युनिकच्या राज्यात, ती कुटुंबाने जायची जागा आहे. 1812 साली राजा माक्स योसेफने बिअर बनवणाऱ्यांना आपल्या तळघरापाशी बिअर विकायची परवानगी दिली पण जेवण विकायची दिली नाही, खाणावळवाल्यांचा धंदा बुडू नये म्हणून, तेव्हापासून लोक जेवण घरून घेऊन यायला लागले आणि आजही ती रीत चालू आहे, पेय मात्र तिथलंच घ्यायचं. म्हणजे आपल्या डब्याला चक्क राजमान्यता! थालीपीठ, दही, लसणाची चटणी, काकडी, सगळं टेबलावर मांडून बसा, शेजारचा माणूस मुळा आणि चीज कापत बसलेला असतो, तो वाकून बघतो, त्याला एक तुकडा द्यायचा. फक्त एक बघायचं, ज्या टेबलांवर कापड घातलंय तिथे वेटर येतो आणि तिथे डबा चालत नाही, उघड्या लाकडी टेबलावर बसायचं. ग्लासचं डिपॉझिट घेतात, टोकन मिळतं, ते हरवू नका (नवऱ्याच्या खिशात ठेवलं की हरवतंच). मुलासाठी सफरचंदाचा रस-सोडा, आपफेलशोर्लं. हिर्शगार्टन या बिअरगार्टनला जा, तिथे जवळच कुंपणात हरणं आहेत, मोठं मैदान आहे, चेस्टनटच्या झाडांची सावली आहे. ही झाडं पण उगाच नाहीत, खाली तळघरात बिअर थंड राहावी म्हणून लावायचे.

प्रश्न: मी नाशिकहून जूनमध्ये मुलीकडे म्युनिकला जाणार आहे, जवळजवळ तीन महिने. नातू दोन वर्षांचा. मुलगी-जावई दोघंही ऑफिसला जातात. मला जर्मन सोडा, इंग्लिशही मोडकंतोडकंच येतं. त्याला घेऊन एकटी बाहेर पडू शकेन का? साडी चालेल का?
— एक आजी, नाशिक

उत्तर: काकू, बिनधास्त पडा. साडी चालते, बुटांवर तर छानच चालते, चपला मात्र घरातच ठेवा कारण बागेतल्या वाटा खडीच्या असतात. सहा वर्षांखालच्या मुलाला बस-ट्रेनमध्ये तिकीट नाही, तुमचा पास मुलीला काढायला सांगा. पहिले चार दिवस तिच्याबरोबर तोच रस्ता करा, घर ते बाग, बाग ते बेकरी, मग एकट्या. घरचा पत्ता आणि मुलीचा फोन नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा, फोनची बॅटरी नेमकी नको तेव्हा संपते. काही झालंच तर 112 हा इमर्जन्सीचा नंबर फिरवा.

दुसऱ्यांच्या मुलांना खाऊ वाटायची आपल्याला भारी हौस, पण इथे आधी त्या आईकडे बघून, डबा दाखवून विचारायचं, कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असते, म्हणून लाडू-चिक्कीच्या बाबतीत तर नक्कीच. झोके देताना मात्र मराठीतच बोला नातवाशी, मोठ्याने, लाजू नका. दिवसभर त्याच्या कानावर मराठी पडायला दुसरं कोण आहे?

अजून एक, आजोबा बरोबर असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. एंग्लिशर गार्टन या मोठ्या बागेत आणि इझार नदीच्या काठाला काही ठिकाणी लोक उन्हात अगदी विवस्त्र पडलेले असतात. परवानगी आहे. कुणी बघत नाही, आपणही बघायचं नाही, स्ट्रोलर पुढे ढकलायचा.

जूनमध्ये रात्री नऊनंतर सूर्य मावळतो, नातू झोपायला तयार नसणार, खिडकीचं बाहेरचं शटर साडेसातलाच पाडा. आणि प्रवासाचा मेडिकल इन्शुरन्स, किमान 30,000 युरोंचा, व्हिसासाठी लागतोच, त्याचा कागद प्रिंट काढून जवळ ठेवा. 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, तेव्हा "आई, अजून आठ दिवस थांब ना" याला भुलू नका, आधी मोजा.

प्रश्न: मुलगी दुसरीत आहे. सुट्टी लागायच्या तीन दिवस आधी निघालं तर मुंबईची तिकिटं बरीच स्वस्त पडतात. ती आजारी आहे असं शाळेला कळवलं तर चालेल ना?
— एक बाबा, म्युनिक

उत्तर: नाही. इथे शाळेत जाणं ही कायद्याने सक्ती आहे, ती मोडली तर दंड होतो, आणि बव्हेरियात सुट्टीच्या तोंडावर विमानतळावर पोलिसांनी शाळकरी मुलांच्या आईबापांना अडवून विचारल्याच्या बातम्या येऊन गेल्यात. शिवाय सात वर्षांची मुलगी परत आल्यावर वर्गात सगळं सांगणार, विमानासकट. त्यापेक्षा बव्हेरियाच्या सुट्ट्यांचा फायदा घ्या. इथे मे-जूनच्या सुमारास पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची दोन आठवडे सुट्टी असते, सगळ्या राज्यांना नसते ती, लवकर आली तर शेवटचा हापूस पदरात पडतो. आणि उन्हाळ्याची सुट्टी ऑगस्टच्या आसपास सुरू होऊन सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते, म्हणजे बऱ्याच वर्षी गणपती तिकडेच घरी! दिवाळीच्या एका दिवसासाठी मात्र शाळेकडे खरं कारण लिहून अर्ज करून बघा, देणं न देणं त्यांच्या हातात.

प्रश्न: मुलीच्या वर्गमैत्रिणीचा वाढदिवस तलावावर आहे. मुलगी सात वर्षांची, तिला पोहता येत नाही आणि आम्हालाही नाही. बाकी सगळ्या जाणार. पाठवावं का?
— एक आई, म्युनिकजवळून

उत्तर: त्या मुलीच्या आईला आजच मेसेज टाका, की हिला पोहता येत नाही, आम्ही दोघांपैकी एक जण थांबलो तर चालेल का. त्यात लाजण्यासारखं काही नाही, उलट ते लोक हे स्पष्ट विचारतातच, कारण इथे मुलं सहा-सातव्या वर्षी झेफर्डशन करतात, समुद्री घोड्याचा बिल्ला. काठावरून पाण्यात उडी मारायची, 25 मीटर पोहायचं आणि खांद्याइतक्या पाण्यातून एक वस्तू तळातून काढून आणायची, मग तो बिल्ला आई स्विमसूटवर शिवते. पण बिल्ला म्हणजे पोहण्यात पक्की असं कुणी समजू नका, तलावात पायाखालची जमीन एकदम संपते. दंडावरच्या हवेच्या पट्ट्या पण भरवशाच्या नाहीत. पार्टीत तिला काठावर वाळूत खेळू दे, पाण्यात गुडघ्यापर्यंत, आणि तुम्ही हाताच्या अंतरावर, फोन बॅगेत.

क्लासची वेटिंग लिस्ट लांब असते, म्हणून दोन-तीन ठिकाणी नाव घाला, सुट्टीतले रोजचे क्लास लवकर भरतात. आणि मोठ्यांचेही क्लास असतात बरं का. तुम्ही दोघंही लावा.

प्रश्न: रविवारी कुकरच्या शिट्ट्या आणि मुलाची पळापळ यावरून खालच्या आजी वर येऊन गेल्या. काय करायचं?
— तिसऱ्या मजल्यावरून

उत्तर: रविवारी इथे ड्रिल, व्हॅक्यूम क्लीनर, खलबत्ता, सगळं बंद. मैदानावरच्या किंवा पाळणाघरातल्या मुलांच्या आवाजाला 2011 पासून कायद्याने बरंचसं संरक्षण आहे, पण तो कायदा तुमच्या लाकडी फरशीला लागू नाही. जाड गालिचा टाका, डाळ शनिवारी रात्री दहाच्या आत शिजवून ठेवा, आणि त्या आजींना एकदा कुकर दाखवा, कारण वर नक्की काय फुसफुसतंय हेच बहुतेकांना माहीत नसतं. मुलाला सकाळी दहाच्या आत बाहेर काढा, कुठे न्यायचं ते वर पहिल्या पत्रात लिहिलंय.